फौजी गेल्यावर फॅमिली पेन्शन: ट्रंक उघडण्यापासून पहिला हप्ता येईपर्यंत

फौजीच्या घरात एक काळी पत्र्याची ट्रंक असतेच. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक आणि नाव. तेराव्याचे पाहुणे परतले की ती ट्रंक उघडा. पण त्याआधी झाकणावरचा नंबर एका वहीत उतरवून घ्या. पुढे ज्या खिडकीवर जाल, ज्याला फोन लावाल, तिथे पहिला प्रश्न तोच येणार: ‘आर्मी नंबर बताइए.’ नवऱ्याचं नाव त्यानंतर विचारतात.

माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते गेल्यावर आईची फॅमिली पेन्शन सुरू व्हायला चौदा महिने लागले. तिचा हक्क कुणीच नाकारला नव्हता. फौजेच्या कागदावर तिचं एक नाव होतं आणि आधारवर दुसरं, एवढंच. त्यानंतर गावातल्या आणि ओळखीच्या काही बायकांच्या फायलींना मी हात लावला, त्यातल्या बहुतेक अशाच एखाद्या अक्षरात नाहीतर तारखेत अडकलेल्या निघाल्या. म्हणून या लेखात नावावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

निवृत्त होऊन पेन्शन घेत असलेला नवरा वारला, तर काय करायचं ते आधी सांगते. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल, तर वाट थोडी वेगळी आहे. ती पुढे येईल.

ट्रंकेत काय शोधायचं

सगळ्यात आधी डिस्चार्ज बुक. बारीक पुस्तिका असते, बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तळाशी ठेवलेली. तिच्यात नवऱ्याची नोकरी, रँक, रेजिमेंट आणि बायकामुलांची नावं असतात. तुमचं नाव कसं लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वहीत उतरवा.

मग पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. पेन्शन वाढली किंवा दुरुस्ती झाली की नवा पीपीओ निघतो, त्याला कॉरिजेंडम म्हणतात, त्यामुळे एकापेक्षा जास्त सापडतील. सगळे ठेवा. त्यात पत्नी म्हणून तुमचं नाव नोंदलेलं असेल तर निम्मं काम झालेलं आहे. बँक पासबुक, माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं), कँटीन कार्ड आणि ग्रुप इन्शुरन्सचा कागद हेही बाजूला काढा.

डिस्चार्ज बुक सापडलंच नाही तर घाबरू नका. वडिलांच्या एका मित्राचं घर पुरात गेलं होतं, सगळे कागद वाहून गेले. त्यांच्या पत्नीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या माजी सैनिक नोंदणीवरून नंबर आणि रेजिमेंट मिळाली, आणि तिथून पुढचा धागा लागला. मूळ कागद कुणाच्याही हातात सोडून येऊ नका. झेरॉक्स द्यायची, मूळ दाखवून परत घ्यायचं.

मृत्यूचा दाखला

ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत नोंद करायची. उशीर झाला तर विलंब शुल्क आणि जास्तीचे कागद, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नोंद करायला बहुतेक पुतण्या नाहीतर भाऊबंद जातो आणि हाक मारायचं नाव सांगून येतो. कागदोपत्री ज्ञानदेव असलेला माणूस दाखल्यावर ‘माउली’ होतो. तेव्हा पाठवतानाच त्याच्या हातात डिस्चार्ज बुकची झेरॉक्स द्या आणि नाव त्याबरहुकूम लिहायला सांगा. दाखल्याच्या सात-आठ प्रती एकदमच घ्या.

मृत्यू कळवणं, आणि एटीएम कार्ड कपाटात

पूर्वी फौजी पेन्शन बँका द्यायच्या. आता ती ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीतून येते, आणि तिचा कारभार प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडे आहे. पेन्शनर वारल्याचं स्पर्शच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही कळवता येतं. स्वतः जमत नसेल तर जवळचं सीएससी केंद्र (सरकारी ऑनलाइन कामं करून देणारं), स्पर्शचं सेवा केंद्र असलेली बँकेची शाखा किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. मृत्यूचा दाखला, तुमचं आधार, पॅन, फोटो आणि तुमच्या एकटीच्या नावावरच्या खात्याचं पासबुक एवढं सोबत न्या.

खातं एकटीचंच असू द्या. ‘आईला बँकेत जाणं जमत नाही’ म्हणून मुलाला खात्यात सामील करणारी घरं मी पाहिली आहेत. त्यातल्या एका घरात पेन्शन कुणाची हा प्रश्न पुढे सुनेने विचारला.

आता महत्त्वाची गोष्ट. मृत्यू कळवायला उशीर झाला तर नवऱ्याच्या खात्यात पेन्शन येतच राहते. ती काढू नका. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन त्यांची. दुसऱ्या दिवसापासून तुमची फॅमिली पेन्शन लागू होते, आणि मधल्या काळात जास्तीचं काही उचललं असेल तर ते कापून घेतात. दिवसकार्याच्या खर्चासाठी एटीएममधून काढलेले पैसे पुढे सहा महिने हप्त्याहप्त्याने कापले गेल्यावर बाईला वाटतं, सरकार आपल्याला लुबाडतंय.

नाव

आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायची पद्धत. आईचं माहेरचं नाव कृष्णाबाई, सासरी आल्यावर ती शालिनी झाली. वडिलांनी लग्नानंतर युनिटला कळवलं ते सरपंचाच्या दाखल्यावरून, आणि दाखल्यात कृष्णाबाई होतं. लग्न, मुलांचे जन्म अशा गोष्टींची नोंद फौजेत पार्ट टू ऑर्डरने होते. तिथे एकदा कृष्णाबाई छापलं गेलं ते कायमचं. चाळीस वर्षांत त्याचं कुणाला काही पडलं नाही, कारण पेन्शन वडिलांच्या नावावर येत होती. ते गेले आणि कागदोपत्री शालिनी ही त्यांची कोणीच लागेना.

दुसरी गडबड तीन नावांची. आपण स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं लिहितो. फौजेतला उत्तरेकडचा क्लार्क मधलं नाव गाळतो, किंवा ‘बाई’ हेच आडनाव समजतो. तिसरी गडबड इंग्रजी स्पेलिंगची. शालिनीच्या शेवटी ‘आय’ की ‘दोन ई’, यावर संगणक अडून बसतो. आणि चौथी जन्मतारीख. आपल्याकडे अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. ज्या शाळेतच गेल्या नाहीत, त्यांच्या आधारवर बहुधा १ जानेवारी. फौजेच्या कागदावर तिसरंच काहीतरी, किंवा रिकामी जागा.

जन्मतारखेकडे दुर्लक्ष करू नका, कारण तिच्यात पुढचे पैसे आहेत. फॅमिली पेन्शन घेणारी बाई ८० वर्षांची झाली की मूळ रकमेवर २० टक्के वाढ मिळते, ८५ला ३०, ९०ला ४०, ९५ला ५० आणि १०० पूर्ण झाल्यावर पूर्ण दुप्पट. कागदावर पाच वर्षं तरुण राहिलात तर ही वाढ पाच वर्षं उशिरा येईल.

तर करायचं काय? एका कागदावर रकाने पाडा: डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन, पासबुक. प्रत्येकावर नाव, स्पेलिंग आणि जन्मतारीख कशी आहे ते शेजारी शेजारी लिहा. आधी आधार, पॅन आणि पासबुक हे तिन्ही एकमेकांशी जुळवून घ्या, ते तुमच्या हातात आहे. त्यानंतर फौजेच्या नोंदीशी तुलना. फरक एखाद्या अक्षराचा असेल तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र बहुतेक वेळा चालतं. नावच वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्राबरोबर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आणावा लागतो. हे सगळं घेऊन अर्ज जातो रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या फौजेच्या कार्यालयाला. ते नोंद दुरुस्त करतं, मग कॉरिजेंडम पीपीओ निघतो.

आम्ही उलटं केलं. कुणीतरी म्हणालं म्हणून आईचं आधारच कृष्णाबाई करून आणलं. मग पासबुक जुळेना, रेशनकार्ड जुळेना, आणि सातबारावरचं नावही परकं झालं. पुन्हा शालिनी करण्यात तीन महिने गेले. घाईत आधारला हात लावू नका.

रेकॉर्ड ऑफिस कुठे

हे रेजिमेंटवर ठरतं, जिल्ह्यावर नाही. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. नौदलाच्या खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाच्या दिल्लीत सुब्रोतो पार्कला. सागर किंवा जबलपूर ऐकून बायका हाय खातात, पण तिथे जायची गरज सहसा पडत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठवा आणि एक प्रत स्वतः स्पीड पोस्टने. फोन हिंदीतून होतो. ‘माताजी’ म्हणून सुरुवात करतील. बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख तेवढी वहीत लिहा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक असतात, ते बहुधा स्वतः माजी सैनिकच. ते तालुक्यांच्या दौऱ्यावर जातात, तेव्हा निघण्याआधी फोन करा. आमचा पहिला हेलपाटा असाच रिकामा गेला होता.

किती मिळेल

साध्या मृत्यूला ऑर्डिनरी फॅमिली पेन्शन मिळते. तिचे दोन दर आहेत. सुरुवातीला वाढीव दर, शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, तो सात वर्षं किंवा नवरा ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी येईल तिथपर्यंत. त्यानंतर ३० टक्के. म्हणजे नवरा पन्नाशीत गेला तर सात वर्षं वाढीव दर. चौसष्टाव्या वर्षी गेला तर तीनच वर्षं. सत्तरीत गेला तर पहिल्या महिन्यापासून ३० टक्के. शेवटचा मूळ पगार ४०,००० असेल तर आधी २०,००० आणि मग १२,०००, वर महागाई सवलत. किमान रक्कम ९,००० रुपये. फार पूर्वी निवृत्त झालेल्यांचा जुना पगार धरत नाहीत. वन रँक वन पेन्शनचे (निवृत्ती कधीही झाली तरी समान रँक आणि समान सेवेला समान पेन्शन) तक्ते फॅमिली पेन्शनलाही लागू आहेत आणि ते दर पाच वर्षांनी बदलतात: १ जुलै २०१४, २०१९ आणि २०२४.

सात वर्षांनी रक्कम अचानक घटली की बायका तक्रार करायला धावतात. ती चूक नसते. वाढीव दर कधी संपणार ती तारीख पीपीओवर छापलेली असते. ती कॅलेंडरवर मांडून ठेवा आणि कर्जाचा हप्ता ठरवताना लक्षात घ्या.

नवरा नोकरीत असताना गेला असेल तर

इथे सुरुवातीचे कागद युनिट हलवतं आणि एखादा माणूस घरी येतो. एकच प्रश्न लावून धरायचा: मृत्यू कशात नोंदला आहे? सगळे पैसे त्यावर ठरतात. शत्रूशी किंवा अतिरेक्यांशी लढताना आला तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटचा पूर्ण पगार. सेवेमुळे आला किंवा सेवेमुळे आजार बळावला असं ठरलं तर स्पेशल फॅमिली पेन्शन, ६० टक्के. सेवेशी संबंध नाही असं ठरलं तर ऑर्डिनरी, आणि तिचा वाढीव दर दहा वर्षं. पेन्शनखेरीज केंद्राचं सानुग्रह अनुदानही असतं: १ जानेवारी २०१६पासून कर्तव्यावरच्या अपघाती मृत्यूला २५ लाख, सीमेवरच्या चकमकीत ३५ लाख, युद्धात ४५ लाख.

खरी झुंज ‘सेवेमुळे की नाही’ यावर होते. रजेवरून परतताना झालेला अपघात, बराकीत आलेला हृदयविकाराचा झटका, आत्महत्या, अशा फायलींवर नकार येतो. कोर्ट ऑफ इन्क्वायरीची, म्हणजे फौजेने केलेल्या चौकशीची, प्रत मागा. नकार आला तर सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील, त्यावर दुसरं. आणि अपील चालू असताना ऑर्डिनरी पेन्शन घेत राहा. ‘हे घेतलं तर ते जाईल’ असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

अग्निवीर असेल तर पेन्शन हा शब्दच त्या योजनेत नाही. ४८ लाखांचा विमा असतो, कर्तव्यावर मृत्यू आला तर ४४ लाख सानुग्रह, आणि उरलेल्या काळाचा पगार सेवानिधीसह (अग्निवीराला शेवटी मिळणारी एकरकमी रक्कम). हे न्याय्य आहे का, यावर मी इथे बोलत नाही. बोलले तर लेख संपायचा नाही.

घरातली भानगड

हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. पहिलं लग्न मोडलं, गावात पंचांसमोर कागदावर काडीमोड झाली, दुसरं लग्न झालं, पण फौजेच्या नोंदीत पहिलीच बायको राहिली. नवरा गेल्यावर दोघी उभ्या राहतात. रेकॉर्ड ऑफिस पंचांचा कागद मानत नाही, कोर्टाचा आदेश मागतं. दुसरीकडे सासू-सासऱ्यांचा अर्ज जातो की सून आम्हाला सांभाळत नाही. स्पेशल आणि लिबरलाइज्ड पेन्शनमध्ये आईवडिलांनाही वाटा मिळू शकतो, म्हणून अशा अर्जाची नोटीस आली तर उत्तर द्या. गप्प बसलात तर तिकडची बाजूच खरी ठरते.

पेन्शनच्या मागून येणारं

वाढीव दर, थकबाकी वगैरे जमलं की उरलेल्या गोष्टी भराभर उरका. ग्रुप इन्शुरन्सचा दावा रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातो. पेन्शनच्या खात्यावर बँकेचा अपघात विमा होता का, ते शाखेत विचारा, अपघाती मृत्यू असेल तर आधी हेच. ईसीएचएस कार्ड तुमच्या नावाने नवं करून घ्या. ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ला सुरू झाली, आणि उतारवयात मला तरी ती पेन्शनइतकीच मोलाची वाटते. ग्रामपंचायतीत घरपट्टी माफीचा अर्ज द्या. माजी सैनिकांच्या विधवांना राज्यात एका घरावर ती सवलत आहे.

नवऱ्याने फौजेनंतर दुसरी पेन्शनपात्र सरकारी नोकरी केली होती का? मग दोन्हीकडची फॅमिली पेन्शन मिळू शकते. २४ सप्टेंबर २०१२पासून ही मुभा आहे आणि कितीतरी बायकांना ती ठाऊकच नाही. त्यांनी एकच घेतली आणि दुसरी सोडून दिली.

ज्यांना पेन्शनच नाही, म्हणजे नवरा पेन्शन लागण्याआधीच फौज सोडून आला, अशा ६५ वर्षांवरच्या निराधार विधवांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं अर्थसाहाय्य आहे. नोव्हेंबर २०२५पासून ते महिना ४,००० वरून ८,००० झालं. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच.

फाईल हलत नसेल तर

रोज फोन करून काही होत नाही. माझा अनुभव असा की माहितीच्या अधिकारातला एक अर्ज दहा फोनांचं काम करतो. फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘माझी पेन्शन कधी सुरू होणार’ असं विचारू नका. विचारा: अमुक तारखेचा माझा अर्ज आज कुठल्या टेबलावर आहे, त्यावर कोणती कारवाई झाली, आणि कोणता कागद कमी आहे. आईच्या फाईलवर उत्तर आलं ते एका ओळीचं: जन्मतारखेचा पुरावा जोडलेला नाही. अकरा महिने कुणीही ते सांगितलं नव्हतं.

त्याने हललं नाही तर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर तक्रार, किंवा संरक्षण खात्याची पेन्शन अदालत जवळपास भरली तर तिथे. त्याच्याही पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरण, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो देतं. जुलै २०२५मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिकांच्या कुटुंबांसाठी वेगळी योजनाही काढली आहे. उशीर मात्र महागात पडतो. पेन्शनचा हक्क मरत नाही, पण तरसेम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये म्हटल्याप्रमाणे थकबाकी साधारणपणे दावा लावण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते.

आणि एजंट. ‘थकबाकीतले दहा टक्के द्या’ म्हणणारा माणूस प्रत्येक तालुक्याला आहे. तो करतो ते सगळं वर लिहिलेलं आहे. स्पर्शमधून बोलतोय म्हणून ओटीपी मागणारा तर सरळ चोर.

पेन्शन सुरू झाली की वर्षातून एकदा हयातीचा दाखला. मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो. आईचा चेहरा दोनदा नाकारला गेला, कारण ती डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. तिसऱ्यांदा पदर मागे घेतला, उजेडाकडे तोंड केलं, आणि काम झालं.

नवरा हयात असलेली कुणी हे वाचत असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर त्यांना स्पर्शचं लॉगिन उघडायला सांगा. प्रोफाइलमध्ये पत्नीच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा, आणि शेजारी तुमचं आधार कार्ड धरा. फरक दिसला तर दुरुस्तीचा अर्ज त्यांच्या सहीने जाऊ द्या.